कॉलेजच्या मैदानातलं मिग : ठेवावं का भंगारात द्यावं?

दुधनाकाठ
नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिक्स शिकवतो. कॉलेजचं नाव टाकत नाही, ओळखणारे ओळखतीलच. आमच्या मैदानात एक मिग-२१, वायुसेनेचं जुनं लढाऊ विमान, उभं आहे. त्या वेळच्या संस्थाचालकांनी लई खटपट करून दहा-अकरा वर्षांमागं आणलं. ट्रेलरवर पंख वेगळे, धड वेगळं असं आलं होतं आणि गावातून हलगी लावून मिरवणूक निघाली होती, म्हाताऱ्या बायांनी त्याला ओवाळलं होतं. पहिली दोन वर्षं पंधरा ऑगस्टला धुवायचे, हार घालायचे. मग रंग उडाला, टायर बसले, पुढच्या तोंडात साळुंक्यांनी घर केलं आणि शेपटीवर पोरांनी बदाम काढून नावं लिहिली.

आता नवीन कार्यकारिणी म्हणतीय ती जागा पार्किंगला पाहिजे. एक भंगारवाला बघूनसुद्धा गेला. मागच्या मीटिंगमध्ये एक सदस्य म्हणाले, "सर, खुद्द वायुसेनेनं सप्टेंबरात मिग रिटायर केलं, आता आपण कशाला सांभाळायचं?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरं सांगू का, आत कुठंतरी वाटलं की हा माणूस बरोबरही असंल. असं मळत-गळत उभं राहण्यापेक्षा वितळलेलं काय वाईट? तुम्हाला काय वाटतं ते सांगा, आणि जाणकार कुणी असतील तर नियम काय हेही सांगा.

लातूरकर_७९
आमच्या लातूरला विमानतळ हाय पण विमान नाही. तुमच्याकडं विमान हाय पण विमानतळ नाही. दोघं मिळून कायतरी करू.

कळमनुरीकर
निदान वाढदिवसाचे बॅनर बांधायला तरी येतंय का?

दुधनाकाठ
@कळमनुरीकर, दोनदा बांधून झालेत.

गगनभरारी
धागा वाचून पोटात कालवलं. सर, ते मिग आहे, पार्किंगमधली सुमो नाही. जरा त्याचा इतिहास बघा. १९६३ मध्ये चंदीगडला २८ स्क्वाड्रनमध्ये (म्हणजे वायुसेनेच्या तुकडीत) हे विमान आलं, भारताचं पहिलं आवाजापेक्षा वेगवान लढाऊ विमान. आणि २६ सप्टेंबर २०२५ ला त्याच चंदीगडला निरोप दिला. म्हणजे ६२ वर्षं. शेवटच्या उड्डाणात खुद्द वायुसेनाप्रमुख ए. पी. सिंग 'बादल ३' या कॉलसाइननं (रेडिओवरच्या नावानं) उडाले, उतरल्यावर पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली. आपल्याकडं सरकारी खात्यातला माणूस अठ्ठावन्नला रिटायर होतो, हे त्याच्यापेक्षा जास्त टिकलं.

आणि हे विमान परकं पण नाही हो. डिझाइन रशियाचं, पण आपल्या ओझरला नाशिकजवळ १९६४ मध्ये एचएएल या सरकारी विमान कंपनीचा कारखाना झाला तो मिगसाठीच. साडेसहाशेच्या वर मिग-२१ तिथं बनली. धड ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. १९७१ मध्ये १४ डिसेंबरला ढाक्यात पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नर हाऊसवर हल्ला केला तो मिग-२१ नीच, मीटिंग चालू होती आणि छतात रॉकेट घुसले, गव्हर्नरनं त्याच दिवशी राजीनामा दिला. त्याच्या दोन दिवस आधी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं स्टारफायटर लढाऊ विमान पाडलं.

तुमचं नेमकं कोणतं आहे? पाठ बारीक आहे का कुबड काढल्यासारखी जाड? बारीक असंल तर एफएल या जुन्या प्रकारातलं असण्याची शक्यता जास्त, ती ११ डिसेंबर २०१३ ला कलाईकुंड्याला रिटायर झाली, आणि तुमचा दहा-अकरा वर्षांचा हिशोब पण जुळतो. शेपटीकडचा नंबर टाका ना.

दुधनाकाठ
पाठ बारीकच आहे. नंबर उद्या उजेडात बघून सांगतो, अर्धा रंगाखाली गेलाय. पहिलं अक्षर सी आहे एवढं नक्की.

मोसंबी_आणि_सळई
मी जालन्याचा. आमचा भंगाराचा धंदा हाय, मोसंबीची बाग बी हाय, दोन्हीत सध्या सारखंच चाललंय म्हणजे काहीच चाललं नाय. तुम्ही भंगार भंगार म्हणू राहिले म्हणून बोलतो.

पहिली गोष्ट, जालन्याच्या भट्टीत हे जाणारच नाय. आमच्या इथं इंडक्शन भट्ट्या लोखंडाच्या, जुनं लोखंड वितळवून बिलेट अन् बिलेटाची सळई. विमान लोखंडाचं नसतं, ते बहुतेक सगळं ॲल्युमिनियम, मपली आजी ज्याला जर्मल म्हणायची ते. भाताचं पातेलं अन् मिग एकाच जातीचे म्हणा ना. लोखंडाला दीड हजार डिग्रीच्या वर लागतं, जर्मल ६६० ला पाणी होतं. लोखंडाच्या भट्टीत टाकलं तर माल खराब.

दुसरी गोष्ट, पातेल्याचं जर्मल अन् विमानाचं जर्मल एक नाय. विमानाच्यात तांबं मिसळलेलं असतं, चारेक टक्के, काही भागात जस्त. त्यानं कडक होतं. पण वितळवायला घेतलं की तेच नडतं, सगळे पत्रे मिसळले की कोणता कुठला कळत नाय, मग भाव पाडून मागतात. त्याची परत विमानं होत नायत, वाळूजकडं गाड्यांचे सुटे भाग ओततात तसल्या कामाला जातं. त्यातले पोलादाचे बोल्ट, रबर, वायरी, सगळं हातानं वेगळं करावं लागतं. आठ दिवस दोन माणसं अन् गॅस कटर. एवढं करून काय हातात येतं? रिकामं मिग साडेपाच टनाच्या आसपास, तुमच्याकडं इंजिन आत हाय का? शोभेला देताना बहुतेक काढून देतात. ते नसंल तर अजून टन-सव्वाटन वजा. तुमच्या कार्यकारिणीला वाटत असंल की पार्किंगचा सिमेंट-काँक्रीट खर्च निघंल, तर तसं काय नाय. पेव्हर ब्लॉक निघतील थोडे.

लातूरकर_७९
जर्मल!! थांबा थांबा. जगात जर्मनी, भारतात परभणी, अन् परभणीत जर्मलचं विमान. आता हे कुठंच हलवायचं नाय. विषय संपला.

कळमनुरीकर
😂😂 परभणीकरांना शेवटी पुरावा मिळाला

आबोली_नांदेड
हसून घ्या पण मला वेगळं लिहायचंय. राग मानू नका.

आमच्या नात्यातला एक मुलगा या विमानावर होता. औरंगाबादच्या त्या सरकारी सैनिकी पूर्वशिक्षण संस्थेतून गेला होता, तिथून एनडीए, तिथून पायलट. मी सातवीत होते, तो सुट्टीत आला की आम्हाला हातानं दाखवायचा, असं वळायचं, असं उतरायचं. नंतर तो आला नाही. कोणतं वर्ष, कुठं, ते लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. त्यांच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्याची आई शेंगदाणे निवडायली होती, ते सूप कितीतरी दिवस तसंच कोपऱ्यात होतं हे मला दिसायलंय अजून.

२०१२ मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत आकडा दिला होता. ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून जास्त अपघातात गेली, १७१ पायलट गेले, शिवाय ३९ सामान्य माणसं. मिग-२१ च्या जोडीला २३, २७ सगळी धरून. फ्लाइंग कॉफिन उगंच म्हणत नव्हते लोकं. तुम्ही ढाक्याचं लिहिता, स्टारफायटरचं लिहिता, बरोबर आहे, पण १७१ घरांचं कोण लिहायलंय? मी जर तुमच्या कॉलेजात शिकत असते तर रोज त्याच्याजवळून जाताना मला कसं वाटलं असतं. माझं मत : वितळवा. चांगलं वितळवा, सन्मानानं, पण वितळवा.

गगनभरारी
@आबोली_नांदेड, ताई, आधी मनापासून माफी, माझं लिहिणं जरा मॅच जिंकल्यासारखं झालं.

पण 'कॉफिन' शब्दाबद्दल एक सांगू का. आकडा खरा आहे, पण साठ वर्षं आणि एवढी मोठी संख्या, जे विमान सगळ्यात जास्त उडलं त्याचेच अपघात जास्त दिसणार. एकच इंजिन, पक्षी आत गेला की खेळ खलास. उतरताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर, चुकायला जागाच नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नव्या पोरांना मधली पायरीच नव्हती. हळू चालणाऱ्या किरण ट्रेनरवरनं उचलून मिगवर बसवायचे. हॉक हे आधुनिक ट्रेनर विमान यायला २००८ उजाडलं, त्याची मागणी किती वर्षं पडून होती बघा. म्हणजे विमान वाईट यापेक्षा ते बदलायला जो उशीर झाला तो वाईट. अजूनही ४२ स्क्वाड्रन पाहिजेत आणि मिग गेल्यावर २९ उरल्यात. तेजस मार्क वन-ए या नव्या देशी लढाऊ विमानाचं नाशिकला बनलेलं पहिलं विमान १७ ऑक्टोबर २०२५ ला उडलं.

आबोली_नांदेड
@गगनभरारी, माफी कशाला. उशीर झाला हे तुम्ही म्हणता तेच मी म्हणायले. पण उशीर चौकात उभा करता येत नाही ना, विमान करता येतं. म्हणून लोकं विमान बघून टाळ्या वाजवतात आणि उशीर विसरतात.

कळमनुरीकर
हे वाक्य बरोबर लागलं.

फिटर_आष्टीवाला
नमस्कार. मी बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुका. वायुसेनेत इंजिन फिटर व्हतो, सार्जंट म्हणून आलो बाहेर, अठरा वर्षं याच विमानावर हात काळे केले. टाइपिंग पोराकडून करून घेतोय, चुका त्याच्या.

ताई तुमचं वाचलं. आमी जमिनीवरचे. आमचं काम म्हंजे पहाटं चारला हँगर उघडायचं, विमान तपासायचं, फॉर्म ७०० वर सही करायची की हे उडायला ठीक हाय. त्या सहीवर पायलट विश्वास ठिऊन शिडी चढतो. विमान परत येईस्तोवर आमचं लक्ष धावपट्टीच्या टोकाला. चहा पुढं असला तरी. एकदा असं झालं की एक आलं नाही. मपली सही नव्हती त्यावर, दुसऱ्याची व्हती, ते पोरगं तीन दिवस जेवलं नाही. चौकशीत पुढं निघालं की पक्षी धडकला व्हता, त्याची काय चूक नव्हती. पण त्यानं सही करताना हात थरथरायचा तो थरथरायचाच. तर कॉफिन म्हणलं की आमाला बी लागतं, अन् सलामी दिली की बी लागतं. दोन्ही खरं हाय.

आता मुद्द्याचं. प्रोफेसर साहेब, खालच्या गोष्टी आधी करा, मग ठेवायचं का द्यायचं ते ठरवा.

कटर लावायच्या आत सीट बघून घ्या. विजेक्शन सीटमधी स्फोटक काडतुसं असतात, पायलटला बाहेर फेकायला. कॅनॉपी, म्हंजे पायलटच्या डोक्यावरची काच, उडवायला बी असतात. विमान शोभेला देताना ती काढून, तेल-हायड्रॉलिक निपटून, तोफ काढून देतात, तसं सर्टिफिकेट असतं. तरी कागद बघितल्याबिगर कुणाला आत बसू देऊ नका. पोरं सेल्फीला आत बसत असतील तर आजच बंद करा. जुन्या मीटरांच्या काट्यावर अंधारात चमकणारा रंग असतो, रेडियमचा, काच फोडून खरवडू नका. अन् सगळ्यात महत्त्वाचं, विमान तुमच्या संस्थेला कोणत्या पत्रावर मिळालं ते शोधा. अटी असतात. तुमचं समजून परस्पर विकलं तर कार्यकारिणीला महागात पडंल.

फिटर_आष्टीवाला
वर विजेक्शन झालंय ते इजेक्शन. पोरगं हसतंय.

मोसंबी_आणि_सळई
दादा बरोबर बोलले. भंगारात काय निघंल सांगता येत नाय. २००४ ला गाझियाबादजवळच्या कारखान्यात परदेशातून आलेल्या युद्धाच्या भंगारात जिवंत गोळे निघाले अन् भट्टीजवळ स्फोट झाला, दहा कामगार गेले. तव्हापासून बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी कडक झाली. २०१० ला दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात किरणोत्सारी कोबाल्ट निघालं, कुण्या विद्यापीठाच्या लॅबमधलं जुनं यंत्र लिलावात आलेलं, एक माणूस मेला अन् कित्येक आजारी पडले. सर, तुम्ही फिजिक्सवाले, तुम्हाला काय सांगायचं. लष्कराचं भंगार रीतसर येतं ते एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात, ओळखू येणार नाय असं तोडून. असं मैदानातून उचललेलं मी तरी घेणार नाय.

मूळचा_हिंगोलीचा
मी सध्या अमेरिकेत फिनिक्सला असतो, तिथून दोन तासांवर टुसॉनला ते जगप्रसिद्ध विमानांचं मसणवट आहे, डेव्हिस-मोंथन. हजारो लष्करी विमानं वाळवंटात ओळीनं उभी. बाहेरच्या रस्त्यानं गेलं तरी कुंपणापलीकडं दिसतात, संध्याकाळच्या उन्हात काचांवर पांढरं आवरण घालून ठेवलेली, एकदम आपल्याकडच्या मोतीबिंदूच्या शिबिरातल्या म्हाताऱ्यांसारखी. जागा ती का निवडली तर हवा कोरडी आणि जमीन इतकी टणक की खाली काँक्रीट न करता विमान उभं राहतं.

सगळीच मरायला आलेली नसतात. काहींचे सुटे भाग काढतात, काही परत उडतात, काहींना रिमोट लावून निशाणा म्हणून पाडतात, फँटम या जुन्या लढाऊ विमानांचं तसंच केलं आणि आता एफ-१६ चं करतात. आणि काहींचा अगदी मुद्दाम चुराडा. रशियाशी अण्वस्त्रं कमी करायचा करार झाला तेव्हा बी-५२ बॉम्बर मोठ्या पात्यानं कापून तुकडे उघड्यावर तसेच ठेवले होते, का तर रशियाच्या उपग्रहाला वरून मोजता यावेत म्हणून. आणि एफ-१४, ती २००६ ला रिटायर केल्यावर श्रेडरमध्ये घातली, कारण जगात ती विमानं दुसऱ्या एकाच देशाकडं उरली होती, इराणकडं, आणि एक नटसुद्धा तिकडं पोचू नये अशी धास्ती. म्हणजे भंगार करणं हे सुद्धा राजकारण असतं.

लातूरकर_७९
कोरडी हवा अन् टणक जमीन पाहिजे म्हणता? अहो मग मराठवाड्यातच आणा की सगळी. आमच्याकडं पाऊसच नसतो.

सोनपेठची_सून
@लातूरकर_७९, यंदाच्या सप्टेंबरात कुठं होतात तुम्ही? सोयाबीन, कापूस, जनावरं, सगळं पाण्यात गेलं. आमच्या माहेरच्या गावात माणसं छपरावर बसली होती.

लातूरकर_७९
खरंय ताई. चुकलो. आमचंही दोन एकर गेलंय, सवयीनं जुना जोक मारला.

दुधनाकाठ
आमच्या मैदानात गुडघाभर होतं तेव्हा. विमान तसंच उभं. गावातली चार पोरं पंखावर बसून व्हिडिओ करत होती.

वैजापूरचा_वाघ
भौ, एक शंका. उपयोगी भाग काढून दुसऱ्याला लावता येत नै का? आपण स्प्लेंडरचं करतो तसं.

गगनभरारी
@वैजापूरचा_वाघ, अगदी तेच करतात, आणि लाजायचं काही नाही त्यात. आपल्या जग्वारचं घ्या. बनवणं कधीच बंद, बाकी सगळ्या देशांनी काढून टाकलं, आपणच उडवतो, मग बाहेरच्यांची मोडीत निघालेली विमानं सुट्या भागांसाठी आणायची. मिराज २००० साठी फ्रान्सकडनं त्यांची रिटायर विमानं घेतली ती यासाठीच. पण मिग-२१ आता आपल्याकडं उडतच नाही, त्यामुळं सरांच्या विमानाचा नट दुसऱ्या कशाला लागणार नाही.

आजोबांची_काठी
विषय निघालाच आहे तर. आमचे आजोबा सांगायचे, १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शनच्या वेळी पहिल्यांदा लढाऊ विमान बघितलं. टेम्पेस्ट असावीत, ती वापरली होती त्या कारवाईत. रझाकारांच्या भीतीनं गाव रानात जाऊन राहिलेलं, ज्वारी कमरेएवढी, आणि वरून ते गरजत गेलं. बायका पोरांना घेऊन ज्वारीच्या ताटांत आडव्या पडल्या, मग कुणीतरी म्हणालं की हे आपलं आहे, तर आजोबा उभं राहून धोतराचा सोगा हलवत ओरडत राहिले. विमान केव्हाच गेलेलं. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की ही गोष्ट व्हायची. ते विमान पुढं कुठं गेलं असंल? कुण्या भट्टीत गेलं असंल, जर्मलचं पातेलं झालं असंल. आजीच्या घरातलंच एखादं, काय सांगावं.

मोसंबी_आणि_सळई
वा काका. पण वर सांगितलं तसं, विमानाचं जर्मल पातेल्याला चालत नाय 😄

आजोबांची_काठी
चालू द्या हो एक दिवस.

व्ही_फिफ्टीन
माझ्याकडं बजाजची व्ही मोटरसायकल आहे, तीच जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या पोलादाची. विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, मग मुंबईत बरीच वर्षं म्युझियम म्हणून उभी होती, लोकं बघायला जायची, मी पण शाळेच्या सहलीत गेलेलो. पण देखभालीचा खर्च कुणी उचलंना, शेवटी २०१४ ला दारूखान्यात तोडली. तोडू नका म्हणून कोर्टापर्यंत गेले होते लोक. २०१६ ला ही गाडी आली. मी घेतली ती भावनेच्या भरातच. टाकीवर हात ठेवला की बरं वाटायचं. आता क्लच प्लेट गेलीय, पार्ट मिळत नाही कारण गाडीच बंद झाली, आणि मेकॅनिक म्हणतो काढून टाका. म्हणजे मी आता विक्रांत दुसऱ्यांदा भंगारात घालायच्या बेतात आहे. बायको म्हणती घाल, अंगणात जागा अडवून बसलीय.

तर सरांना सांगतो, एवढं मोठं जहाज, एवढं मोठं मुंबई शहर, त्यांना नाही जमलं.

फिटर_आष्टीवाला
पण नगरला रणगाड्यांचं म्युझियम बघा की. आमच्या आष्टीहून जवळ. रणगाडे कसे ठिवलेत, लखलखीत. विशाखापट्टणमला नौदलाचं तुपोलेव्ह १४२ हाय समुद्राच्या काठावर, खारं वारं खात, तरी ठीक हाय. कारण तिथं त्यासाठी माणूस नेमलेला हाय. वस्तूचं काय नसतं साहेब, माणूस नेमलाय का नाही एवढंच असतं. आमच्याकडं प्रत्येक विमानाला क्रू चीफ असायचा. तुमच्या विमानाला कोण हाय?

दुधनाकाठ
@फिटर_आष्टीवाला, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. उत्तर 'कुणी नाही' असं लिहायला आलो होतो, पण तसं नाही असं आज कळलं.

नंबर बघायला सकाळी गेलो. आमचे शिपाईमामा सोबत. ते म्हणाले, "सर, पावसाळ्यात मी त्याच्या तोंडात पोतं कोंबतो, पाणी आत जाऊ नये म्हणून. यंदा साळुंकीची पिल्लं होती म्हणून नाही कोंबलं." कुणी सांगितलं होतं असं विचारलं तर म्हणाले, "आणताना जे फौजी आले होते त्यांनी सांगितलं, पाणी आत राहू देऊ नका." दहा वर्षं. माझ्या लक्षात पण नाही.

बाकी : चाकं बसलीत आणि वजन सगळं रिमवर आहे. पंखांच्या जोडावर पांढरी पावडर धरलीय, आणि स्क्रू आहेत तिथून तांबडे ओघळ. इंजिन नाही, मागून आरपार दिसतं. सीट आहे, पण तिच्यावर लाल रंगानं काहीतरी रशियन लिहिलंय आणि खाली हिंदीत 'खतरा'. कॅनॉपीला दोरी बांधून बंद केली आणि नोटीस लावली. नंबरचे फोटो खाली टाकलेत.

फिटर_आष्टीवाला
नंबर बघितला. मपल्या मनात व्हतं की आपण हात लावलेलं निघंल. नाही. मी टाइप ७५ वर, हे ७७ दिसतंय, म्हंजे वर म्हणले तेच एफएल. आमच्या स्क्वाड्रनमधी कधीच नव्हतं. दुसऱ्या कुणाचं तरी व्हतं.

पांढरी पावडर म्हंजे जर्मलचा गंज. तांबड्या ओघळाचं कारण पोलादाचे स्क्रू. दोन वेगळे धातू अन् मधी पाणी, म्हंजे बॅटरीच झाली, तुम्ही फिजिक्सवाले, पोरांना शिकवायला बरं. जॅक लावून चाकांवरचं वजन लोखंडी स्टँडवर घ्या. पोटाखाली पाणी निघायला भोकं असतात, ती मातीनं बुजली असतील, तार घालून मोकळी करा. पुढं-मागं जाळी लावा. साधं पाणी अन् साबण, प्रेशर वॉशर नको. मग रंग.

सोनपेठची_सून
शिपाईमामांचं वाचून डोळ्यात पाणी आलं बाई.

आबोली_नांदेड
मी माझं मत लगेच बदलत नाही. पण ठेवणार असाल तर एक करा. पाटी लावताना नुसतं 'पराक्रमी मिग-२१' असं लावू नका. वेग, उंची, युद्धं लिहा, आणि त्याच अक्षरात, तेवढ्याच आकारात, किती जण परत आले नाहीत तेही लिहा. आणि ट्रेनर यायला किती वर्षं लागली तेही. पोरांना दोन्ही वाचू द्या.

गगनभरारी
पाटीचा मजकूर मी लिहून देतो. ताई, तुम्ही तपासा. खोडलं तरी चालंल.

वैजापूरचा_वाघ
आन पार्किंगचं काय?

लातूरकर_७९
विमान रनवेवर घ्या थोडं पुढं 😄

दुधनाकाठ
आठ दिवसांनी लिहितोय. पत्र सापडलं. ऑफिसच्या मागच्या कपाटात, २०१४-१५ च्या स्कॉलरशिपच्या गठ्ठ्यात. स्पष्ट लिहिलंय की फक्त प्रदर्शनासाठी, विकता येणार नाही, नको असंल तर कळवायचं. सोबत निर्धोक केल्याचं सर्टिफिकेट पण आहे, त्यात सीटचं नाव आहे. मीटिंगमध्ये दोन्ही कागद ठेवले. ज्या सदस्यांनी तो प्रश्न विचारला होता ते वाचून म्हणाले, "मग एवढे दिवस आपण दुसऱ्याची वस्तू अशी ठेवली होती?" बाकी कुणी काही बोललं नाही. पार्किंग मागच्या बाजूला होतंय. विमानाला पैसे मात्र मंजूर नाहीत, 'विद्यार्थी श्रमदानातून' असं ठरावात लिहिलंय. म्हणजे आम्हीच.

पोरं तयार आहेत, बी.एस्सी. सेकंड इयरची पंधरा-वीस. पिल्लं उडून गेलीत, मामांनी खात्री केली. आता कुणाला येता येईल?

फिटर_आष्टीवाला
दिवाळीचं सगळं आवरलंय. येतो. आष्टीहून एसटीनं किती वेळ लागंल ते सांगा. जॅक अन् स्टँड तिथं मिळतील का, का मी घिऊन येऊ? दोन दिवस राहायची सोय बघा, गादी नसली तरी चालंल.

दुधनाकाठ
गादी आहे हो. जॅक ट्रॅक्टरवाल्याकडून घेऊ. स्टँड वेल्डिंग करून घेतो, माप सांगा. फक्त जाळीचं बजेट नाही.

मोसंबी_आणि_सळई
जाळी मी देतो. पुढच्या तोंडाची अन् मागच्या भोकाची गोलाई मोजून पाठवा. भंगारातली हाय, पण चांगली हाय.